पक्षाघातानंतर चालणं आलं, कामं आली नाहीत: जालना जिल्ह्यातल्या एका आजींचं प्रकरण

पार्श्वभूमी

त्यांना इथे गयाबाई म्हणू. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे काही तपशीलही फिरवले आहेत. वय ६९. जालना जिल्ह्यात गोदाकाठाकडचं गाव, घरची थोडी कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि तूर. घरात ७४ वर्षांचा, कानाने मंद झालेला नवरा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा वाळूजच्या एका कंपनीत. पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो.

गयाबाईंची शाळा दुसरीत सुटली. सही येते, वाचन अक्षर अक्षर लावून. हिशेब मात्र तोंडी आणि पक्का. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी, दुकानातली उधारी, गावातल्या महिला बचत गटाचं येणं-देणं सगळं त्यांच्या डोक्यात. गटाच्या त्या अध्यक्ष होत्या. वही सचिव लिहायची आणि वहीत काही चुकलं तर गयाबाई तोंडी दुरुस्त करायच्या.

रक्तदाब बारा वर्षांपासूनचा. गोळी चालू होती, म्हणजे डोकं दुखलं की घ्यायच्या. मिशरी दिवसातून दोन-तीनदा.

झटका आला वैशाखात, ऐन लग्नसराईत. रात्री दहाला त्या नातेवाइकांशी बोलत बसलेल्या, पहाटे पाचला उठायला गेल्या तर डावं अंग उचललंच नाही. ‘वारं गेलं’ म्हणून दार माणसांनी भरलं. कुणी मालिशवाल्याचं गाव सांगितलं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला. मुलाने फोनवरून हट्ट धरला म्हणून १०८ आली. रुग्णालयात पोचायला नऊ वाजले.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. इथे ती वेळ रात्री दहाची, त्यामुळे इंजेक्शनचा प्रश्नच उरला नाही. झोपेत आलेल्या झटक्यातही एमआरआयसारख्या तपासण्यांवरून काही निवडक रुग्णांना ते देता येतं, पण ती सोय मोठ्या केंद्रांत. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात, पॅरायटल म्हणतात त्या बाजूला, रक्तपुरवठा तुटल्याचं दिसलं. आठवडाभराने त्या रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेऊन घरी आल्या. पायाचे व्यायाम कागदावर चित्रं काढून दिलेले होते. सुनेने ते मनापासून करून घेतले.

समस्या

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. तक्रार डाव्या खांद्याची. मी फिजिओथेरपिस्ट, लकव्यानंतर दुखणारा खांदा आमच्याकडे रोजचाच, बहुतेक वेळा उठवताना कुणीतरी हाताला धरून ओढलेलं असतं. मुलगा म्हणाला, “खांदा सोडला तर माय एकदम बरी आहे. काठी धरून चालते, बोलती तर आधीसारखीच.”

बोलत खरंच होत्या. गावातल्या कुणाच्या लग्नात किती तोळे घातले इथपर्यंत. पण डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोन भाजल्याचे डाग होते, एक जुना आणि एक ताजा. हे कशाने झालं विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही, तव्याचा चटका आसंल.” कधी बसला ते सांगता येईना. मी बोट लावलं तेव्हा कुठे त्यांनी त्या डागाकडे पाहिलं.

मग सून बोलायला लागली आणि खांदा बाजूला राहिला. आत्याबाई ताटातली भाकर तशीच ठेवतात आणि वर ‘मला भाकर वाढा’ म्हणून ओरडतात. शेजारणीला सांगून आल्या की सून उपाशी ठेवती. गॅस चालू राहिला, दोनदा. सांगितलं नाही तर दुपारपर्यंत तोंड धूत नाहीत, आणि सांगितलं तर लगेच उठून धुतात. “आधी पहाटी चारला उठून सगळं घर हालवायच्या, मॅडम. आता नुसत्या बसून राहत्यात. मला वाटलं लाड झालेत.”

त्यातच गटाच्या बैठकीत भांडण झालं होतं. बाया गोलात बसलेल्या, प्रत्येकीने शंभराची नोट सतरंजीवर टाकली. गयाबाईंनी मोजून सांगितलं, सातशे. सचिव म्हणाली, अकरा जणी आहोत, अकराशे पाहिजेत. चार नोटा गयाबाईंच्या डाव्या मांडीपाशी पडल्या होत्या आणि त्या सगळ्यांना दिसत होत्या. आधीच्या एका आठवड्याचे तीनशे रुपयेही कमी भरले होते. गावात कुजबुज सुरू झाली ती अर्थात पैशांची, मेंदूची नव्हे.

नेमकं काय बिघडलं होतं

पहिला घोळ मोजमापाचा. रुग्णालयाच्या कागदावर बार्थेल निर्देशांक लिहिला होता. १९६५ पासून वापरात असलेली ही शंभर गुणांची यादी. माझ्याकडे आल्या तेव्हा मी तीच पुन्हा मोजली तर ९० आले. उत्तमच म्हणायचे. पण त्या यादीत जेवणं, आंघोळ, कपडे, संडास-लघवी, चालणं, जिना अशीच अंगाची कामं आहेत. स्वयंपाक नाही, पैसे नाहीत, औषधं वेळेवर घेणं नाही. अंग किती चाललं हे ती सांगते. घर, दुकान, गट सांभाळायला लागणारं डोकं चाललं की नाही, हे तिच्यात येतच नाही.

दुसरा घोळ बोलण्याचा. आपल्याकडे बोलणं शाबूत म्हणजे डोकं शाबूत असा ठाम समज आहे. डाव्या मेंदूला झटका बसला की बऱ्याचदा वाचा जाते आणि घर हादरतं. उजव्याला बसला की बहुतेकांची वाचा राहते, जातं ते दुसरंच. भोवतालच्या जागेकडे लक्ष देण्याचं काम उजवा मेंदू दोन्ही बाजूंसाठी करतो, डावा मुख्यतः उजव्या बाजूपुरतं. म्हणून उजवा भाग दुखावला की डावीकडची राखण करायला कुणी उरत नाही. डोळा धड असतो, पण डावी बाजू आहे हेच मनात येत नाही. आणि काही कमी आहे हे न जाणवणं हाही त्याच दुखण्याचा भाग. ‘मला काय झालंय?’ हा गयाबाईंचा प्रश्न हेकेखोरपणाचा नव्हता.

तिसरी गोष्ट सीटीच्या अहवालात खाली एका ओळीत होती आणि ती कुणी घरच्यांना समजावून सांगितली नव्हती. ताज्या इजेशिवाय आत खोलवर दोन जुने बारीक डाग होते आणि पांढऱ्या भागात ठिकठिकाणी बदल. वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबाने मेंदूतल्या केसासारख्या रक्तवाहिन्या खराब होतात आणि कुणाला न कळता छोटे छोटे झटके येऊन जातात. मेंदूचे दूरदूरचे भाग जोडणारे धागे याच पांढऱ्या भागातून जातात. ते विरळ झाले की माणूस विसरतो कमी, पण मंदावतो. काम सुरू करणं, दोन गोष्टींचा एकत्र मेळ घालणं, पायऱ्या क्रमाने लावणं जड जातं. सांगितलं की उठतात आणि न सांगता बसून राहतात, ते इथून येतं. वैशाखातला झटका अशा आधीच झिजलेल्या मेंदूवर बसला होता.

कागदावरच्या परीक्षांचा इथे उपयोग नव्हता. घड्याळाचं चित्र काढा, ठोकळ्याचं चित्र बघून उतरवा, अंक आणि अक्षरं एकाआड एक जोडा, हे दुसरी शिकलेल्या बाईला झटका नसतानाही जमणार नाही. मी त्यांच्या घरी गेले आणि सुपात तुरीची डाळ पसरून, मुद्दाम बारीक खडे टाकून त्यांच्यापुढे ठेवली. खडे वेचण्यात गयाबाईंचा हात गावात कुणी धरत नसे. त्यांनी उजव्या कडेपासून सुरुवात केली, भराभर वेचलं, सुपाच्या मध्यापर्यंत आल्या आणि सूप सुनेकडे सरकवलं. “झालं, घे.” उजव्या अर्ध्यात एक खडा नव्हता. डाव्या अर्ध्यात सगळे होते. सून काही बोलली नाही, पण भाकरीचा उलगडा तिला तिथेच झाला.

नंतर चहा करायला सांगितला. पाणी, साखर, मग नातवाने काहीतरी विचारलं आणि पुन्हा साखर. पत्ती राहिली. सूचना न देता मी बघत राहिले. राहिलं ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

झटक्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं आणि तेही असंच बसकण मारायला लावतं. म्हणून तेवढं बारकाईने विचारलं. रडू येत नव्हतं, झोप आणि भूक ठीक होती, नातवंडांत रमत होत्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तातलं सोडियम, थायरॉइड, बी-१२ पाहिलं. बी-१२ कमी निघालं, त्याचे उपचार सुरू झाले, पण डावी बाजू त्याने परत येणार नव्हती.

पर्याय

घरच्यांपुढे चार वाटा होत्या आणि प्रत्येकीमागे कुणीतरी उभं होतं.

मुलाच्या मनात होतं संभाजीनगरला नेऊन एमआरआय करायचा आणि ‘मेंदूच्या ताकदीची सलाइन’ लावायची. आमच्या भागात या सलाइनवर लोक जनावर विकून पैसे घालतात. अशा औषधांपैकी सिटिकोलिनची मोठी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात फायदा दिसला नाही. एमआरआयने चित्र जास्त स्वच्छ आलं असतं, पण पुढच्या कामात फरक पडला नसता. मी तसं स्पष्ट सांगितलं. मुलगा नाराज झाला. आपण आईसाठी पैसे खर्च केले नाहीत ही टोचणी मुलांना असते, आणि ती पुराव्याने जात नाही.

नवऱ्याचं म्हणणं मोतीबिंदूचं. उजव्या डोळ्यात तो सुरू झालेला होताच. पण मोतीबिंदूने सगळंच धूसर होतं, ताटाची एकच बाजू गायब होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र पाठवलं, कारण झटक्यात दृष्टीचा अर्धा पट्टा खरोखर जाऊ शकतो. ज्याचा पट्टा गेला त्याला सहसा ते कळतं आणि तो मान वळवून भरपाई करतो. गयाबाई मान वळवतच नव्हत्या. डॉक्टरांच्या तपासणीत डावीकडची दृष्टी बरीचशी शाबूत निघाली. ऑपरेशन पुढे ढकललं.

तिसरी वाट मुलाच्या खोलीवर वाळूजला नेण्याची. चुली नाहीत, रुग्णालय जवळ. पण मुलगा पाळीवर गेला की नवख्या जागी एकट्या. ज्या वाटा पायांना पाठ आहेत त्या सोडून अनोळखी घरात अशा माणसाची अडचण वाढते. हे सुनेनेच पहिल्यांदा बोलून दाखवलं.

चौथी, शेजारपाजाऱ्यांची: आता वय झालं, बसून खाऊ द्या. ही सगळ्यांत मायेची आणि माझ्या मते सगळ्यांत महाग. आपणहून काम सुरू न होणं हीच ज्याची अडचण, त्याच्याकडून काम काढून घेतलं तर उरतं काय?

राहिलं ते घरातच, रोजच्या कामांतून शिकवणं. इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून पुनर्वसन करून घेण्याची मोठी चाचणी भारतातच झाली आहे. ‘अटेंड’ नावाची, १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण, २०१७ साली प्रसिद्ध. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक पडला नाही. मग तीच वाट का धरली? एक म्हणजे ती चाचणी एकूण परावलंबन मोजत होती, आणि गयाबाई तशा परावलंबी नव्हत्याच; आमचं उद्दिष्ट फार लहान होतं. भाजू नये, ताट पूर्ण खावं, गोळ्या चुकू नयेत, सासू-सुनेतला खोटा आरोप थांबावा. दुसरं, आमच्या तालुक्यात या कामाचा ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाही. सुनेला मात्र ‘मेंदू पूर्ववत होईल’ असं सांगितलं नाही.

काय केलं

चूल आणि गॅस त्याच दिवशी बंद. यावर वाद झाला, पण मनगटावरचे डाग दाखवल्यावर मिटला. स्वयंपाकातलं बाकी काम मात्र त्यांच्याकडेच ठेवलं: भाजी निवडणं, शेंगा सोलणं, पीठ चाळणं, डाळीतले खडे.

ताटाच्या डाव्या कडेला, परातीच्या डाव्या कडेला, सुपाच्या डाव्या काठाला लाल फडक्याची पट्टी. नियम एकच, आधी लाल शोधायचं, मग हात लावायचा. सुरुवातीला सून “आत्याबाई, लाल कुठंय?” विचारायची. उत्तर तोंडी द्यायचं नाही, डावा हात तिथे नेऊन ठेवायचा. डावा हात हलला की लक्षही त्या बाजूला थोडं वळतं. खडे डावीकडून उजवीकडे वेचायचे, कधीच उलट नाही. गटाचे पैसेही तसेच: ढीग करायचा नाही, नोटा एका ओळीत मांडायच्या, डावं टोक लाल फडक्यावर.

कामाला लावण्यासाठी तोंडी सूचनेऐवजी वेळेची खूण शोधली. नातवाची शाळेची गाडी आली की आंघोळ, दुपारी गिरणी सुरू झाली की भाजी. आबांना, म्हणजे नवऱ्याला, ऐकू येत नाही पण घड्याळ कळतं. गोळ्यांची डबी त्यांच्याकडे दिली. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर हुकूम चालवायला मिळाला आणि त्यांनी ते काम एकदाही चुकवलं नाही.

रक्तदाब दर पंधरवड्याला उपकेंद्रात. यात मी सगळ्यांत जास्त आग्रही होते. पहिल्या झटक्यानंतर सुमारे दहा टक्के लोकांना लवकरच स्मृतिभ्रंश जडतो. पुन्हा झटका आला तर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं. ताकदीच्या सलाइनला लागणारा पैसा रक्तदाबाच्या वर्षभराच्या गोळ्यांना पुरून उरला असता.

गटाचा प्रश्न सर्वांत अवघड गेला. बँकेच्या खात्यावर गयाबाईंची सही चालायची. गटातल्या काहींना त्यांना थेट काढायचं होतं, काहींना लाजेखातर तसंच चालवायचं होतं. ‘उमेद’ या बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या सीआरपी ताई, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्या, बैठकीला आल्या. त्याआधी एक अट मी घातली: जे ठरेल ते आधी गयाबाईंना घरी सांगायचं, भर बैठकीत नाही. सुपातले खडे त्यांना पुन्हा दाखवले. त्या बराच वेळ सुपाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “पण मी पैशे खाल्ले नाहीत.” बैठकीत ठराव करून अध्यक्षपद दुसरीकडे गेलं, सही बदलली आणि तीनशे रुपयांचा विषय दुखण्यात झालेली चूक म्हणून वहीत बंद केला. रक्कम सुनेने भरली. आधीचे तीनशे कुठे गेले हे शेवटपर्यंत कळलं नाही.

निष्पत्ती

झटक्याला वर्ष झालं तेव्हाची स्थिती अशी. ताट पूर्ण खातात; लाल पट्टी काढून पाहिली तरी बहुतेक वेळा. मनगटावर नवा डाग नाही. सुपात डावीकडे एखादाच खडा राहतो. नोटा ओळीत मांडल्या तर मोजणी बरोबर, ढीग दिला तर अजून चुकते. आठवडी बाजारात, बसस्टँडवर डावी बाजू पुन्हा हरवते. एकदा हातगाडीला धडकून पडल्या, हाड वाचलं. रक्तदाब आवाक्यात आहे. दुसरा झटका नाही.

आपणहून काम सुरू करणं फारसं सुधारलं नाही. खुणा आहेत तोवर दिवस चालतो. सुट्टीत शाळेची गाडी बंद झाली आणि आंघोळही बंद झाली. मिशरी सुटलेली नाही.

गटात त्या सभासद आहेत. बैठकीला जातात, पण पूर्वी जिथे बसायच्या तिथे बसत नाहीत.

कुठे वेगळं करता आलं असतं

रुग्णालयातून सोडताना एक ताट पुरलं असतं. उजव्या मेंदूचा झटका आणि वाचा शाबूत अशा रुग्णाला जेवताना पाच मिनिटं पाहिलं की अर्धं ताट राहतं ते दिसतंच. सुनेला तेव्हाच कळलं असतं तर तीन महिन्यांचे आरोप आणि निदान दुसरा चटका टळला असता. सीटीच्या अहवालातली जुन्या डागांची ओळही त्याच वेळी मराठीत सांगायला हवी होती, कारण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणाऱ्याला थांबवायला त्या ओळीइतकं नेमकं कारण दुसरं नसतं.

झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू सर्वांत जास्त सावरतो. तो काळ सगळा पायाकडे गेला. पाय महत्त्वाचाच, पण खडे वेचण्याचं काम तेव्हाच खाटेवर बसूनही सुरू करता आलं असतं.

गटाला महिन्याभरात कुणीतरी सांगायला हवं होतं की काही काळ मोजणी दोघींनी करा. संशय रुजल्यावर खुलासा करणं आणि आधीच सांगून ठेवणं यांत फरक पडतो. ठरावानंतरही दोन बाया तीनशे रुपयांचा विषय काढतातच.

आणि सुनेचा हिशेब कुणीच मांडला नाही. त्या वर्षी कापूस वेचणीच्या हंगामात तिचे मजुरीचे बरेच दिवस बुडाले. नणंद परभणीला असते, दिवाळीत आली तेव्हा आईला इतकं सुधारलेलं पाहून भावाचं कौतुक करून गेली. पुढच्या वेचणीत महिनाभर तिने येऊन राहावं, असं मी मुलाला सुचवलं आहे. त्याने अजून बहिणीला फोन केलेला नाही.